मातीवरची किंचाळी

गाडी विहिरीपाशी वळली आणि आवाज आला नाही.

बाकी पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं. ती लांबोडकी दुधी मोटार, एका अंगाला कललेली. मागे उठलेला धुरळा. धुरळ्यातून जीव मुठीत घेऊन पळणाऱ्या सात कोंबड्या. इंजिनाची घरघर येत होती, कोंबड्यांचा कालवा येत होता, मागून येणाऱ्या चोरांच्या पावाच्या गाडीचा खडखडाटही येत होता. फक्त वळणावर टायर जी किंचाळी मारायचे, जिच्यावर त्रेचाळीस वर्षांपूर्वी लोकांनी थिएटरं डोक्यावर घेतली होती, ती किंचाळी नव्हती. आवाजबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "अरे, इथलाही गेलाय की," त्या म्हणाल्या. "तू तर म्हणालास, विहिरीच्या पुढचं दीड मिनिटच खराब झालंय."

"इथला चांगला आहे, बाई." टेबलामागच्या दाढीवाल्याने चित्र मागे नेलं. "ऐका पुन्हा."

त्यांनी पुन्हा ऐकलं. दाढीवाल्यापुढच्या दुसऱ्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ सरकत होती. गाडी वळली तशी रेघ उसळली, थरथरली आणि खाली बसली, आणि नेमक्या त्याच क्षणी दाढीवाला फिस्सकन हसला. हसण्याजोगं काहीतरी त्या खोलीत घडलं होतं आणि ते आवाजबाईंना वगळून घडलं होतं. "हो हो, आला," त्या म्हणाल्या. "मघाशी लक्ष नव्हतं माझं." आवाजाच्या बाबतीत त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या असं म्हणता येणार नाही, कारण आवाजाच्या बाबतीत खोटं बोलणं हाच त्यांचा धंदा होता. ऐकण्याच्या बाबतीत मात्र त्या आज पहिल्यांदा खोटं बोलल्या.

धंदा म्हणजे असा की चित्रपटात जे काही ऐकू येतं ते सगळं चित्रीकरणाच्या वेळचंच असतं, असं समजणारी भाबडी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जिवावर आवाजबाईंनी एकोणचाळीस वर्षं पोट भरलं. नायिका जिन्यावरून रडत उतरते तेव्हा पावलं आवाजबाईंची. खलनायकाच्या मुस्काटात बसते ती चपराक म्हणजे ओल्या टॉवेलचा फटका. घर जळतं ते पातळ कागद चुरगाळून. बंद खोलीत, माइकपुढे, समोर पडद्यावर चित्र आणि पायाशी भंगारवाल्यालाही लाज वाटावी असा पसारा. आणि टायरांची किंचाळी म्हणजे शेकायची रबरी पिशवी. ती पाण्याने अर्धी भरायची, काळ्या गुळगुळीत फरशीवर ओला फडका फिरवायचा आणि पिशवी तळव्याने दाबून, खांद्याचा सगळा भार देऊन, एका झटक्यात ओढायची. पाणी जास्त झालं तर पिशवी नुसती फेंगाडते. कमी झालं तर दात घासल्यासारखा आवाज येतो. मध्ये कुठेतरी एक जागा असते, ती हाताला कळते, म्हणजे कानाला कळते आणि हात ऐकतो. बाईंची ही समजूत इतकी जुनी होती की कान आणि हात हे दोन वेगळे अवयव आहेत, हेच त्या विसरल्या होत्या.

चित्रपट नव्याने धुऊनपुसून लोकांपुढे आणायचं चाललं होतं. जुन्या फितीवर आवाजाची पट्टी एके ठिकाणी आंबून गेली होती. दीड मिनिट, अकरा वळणं. दाढीवाला या कामातला माणूस, पस्तिशीचा, दाढीत आताच दोनचार पांढरे. त्याच्या यंत्रात हजारो गाड्यांचे हजारो टायर भरून ठेवलेले होते, त्यातले अकरा उचलून चिकटवले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण त्याने तीन आठवडे खटपट करून आवाजबाईंचा फोन मिळवला. "बाई, ते अकरा तुम्हीच द्यायला हवेत," तो म्हणाला होता. "मी तो पाठलाग निदान शंभर वेळा पाहिलाय. माझ्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा रोज पाहायचो आम्ही दोघं." पुढे आईचं काय झालं, हे त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. त्या येते म्हणाल्या.

पाठलाग तेवीस मिनिटांचा. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. एक कारकून साहेबांची गाडी गॅरेजातून आणायला जातो आणि घाईघाईत तशीच दिसणारी दुसरी गाडी घेऊन निघतो. त्या गाडीच्या डिकीत चोरीचा माल. म्हणून मागे चोर, चोरांमागे इन्स्पेक्टर, इन्स्पेक्टरमागे सायकलवर खुद्द साहेब, कारण साहेबांच्या सासूबाई, गॅरेजात त्याच चुकीच्या गाडीत बसून डुलकी लागलेल्या, कारकुनाच्या मागच्या सीटवर आहेत आणि त्यांना कोणी उठवलेलं नाही. सासूबाई तेवीस मिनिटं झोपून राहतात. गाडी भिंतीतून जाते, भाजीच्या ढिगातून जाते, नदीच्या काठाकाठाने दोन चाकांवर जाते, सासूबाई फक्त कूस बदलतात. यात न समजण्यासारखं काही नाही, मोठेपणाचं काही नाही, आणि तरीही आवाजबाईंनी नंतर केलेले थोरामोठ्यांचे गंभीर चित्रपट केव्हाच विरून गेले होते आणि हा होता. का होता? त्यांनी यावर पुष्कळ विचार केला होता. त्यांना वाटे, ती माणसं जीव ओतून मूर्खपणा करत होती म्हणून. कारकून झालेल्या नटाला गाडी चालवता येत नव्हती. साधी सुरूही करता येत नव्हती. पुढून ट्रकने दोराला बांधून गाडी ओढायचे आणि हा पठ्ठ्या आत बसून चाक असं गरागरा फिरवायचा की त्या मानाने गाडी खरोखर वळली असती तर तिने जागच्या जागी पिंगा घातला असता. पण चेहऱ्यावर काय भाव! कचेरीत फायलीवर फायल रचताना पाठीत वाकलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा कशाचा तरी मालक झाला आहे, आणि ती वस्तू नेमकी त्याची नाही, हे सगळं त्या चेहऱ्यावर दिसे. इन्स्पेक्टरला गाडी लागायची. प्रत्येक शॉटनंतर दार उघडून तो बिचारा रस्त्याच्या कडेला वाकायचा. समीक्षकांनी लिहिलं, कर्तव्यकठोर मुद्रेचा असा विनोदी वापर क्वचितच झाला असेल. ती मुद्रा उलटी दाबून धरल्याची होती. आणि चोर म्हणजे सख्खे साडू. घरच्या कसल्याशा भांडणावरून एकमेकांशी बोलत नव्हते, अकरा महिने एका पावाच्या गाडीत मांडीला मांडी लावून बसले आणि एकमेकांना जे काही सांगायचं ते दिग्दर्शकामार्फत सांगत राहिले. "त्यांना सांगा, कोपर लागतंय." "त्यांना म्हणावं, मग पोट आत घ्या." पडद्यावर ते दोघे इतके एकजीव दिसत की पाहणाऱ्याला आपला भाऊ आठवावा.

आणि यात आवाजबाई कुठे होत्या? वय वर्षं चोवीस, कुठेच नव्हत्या. पडद्यावरच्या नावांत त्यांचं नाव नव्हतं. पण दिग्दर्शकाची एक तऱ्हा होती, ती दुसऱ्या कोणाची त्यांनी पाहिली नाही. तो आवाज आधी करून घ्यायचा. चित्र नंतर. वळणांची यादी करून त्याने आवाजबाईंकडून किंचाळ्या भरून घेतल्या आणि चित्रीकरणाच्या जागी कर्णा लावून त्या वाजवल्या, म्हणजे चाक कधी फिरवायचं ते कारकुनाला कळेल. यादीत डांबरी रस्ता होता. ऐन वेळी डांबरी रस्ता मिळाला नाही, म्हणून गावाबाहेरच्या मातीच्या रस्त्यावर काम उरकलं. रोज कर्ण्यावर किंचाळी वाजायची, रोज गाडी मातीत वळायची, आणि चाळीस माणसांच्या त्या गोतावळ्यात एकाच्याही डोक्यात आलं नाही की मातीत टायर किंचाळत नसतात. सगळ्यांचे कान सरावले होते. पहिल्यांदा सगळं जोडून बघायला बसले तेव्हा अंधारात पहिली किंचाळी आली आणि संकलकाने कपाळावर हात मारून घेतला. दिग्दर्शक उठून उभा राहिला. "मातीत टायर कधीपासून ओरडायला लागले?" बाईंना वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. आणि मग मागच्या रांगेतून कारकून हसायला लागला. आधी बारीक, मग मोठ्याने, मग खुर्चीचे हात धरून. म्हणाला, "साहेब, आवाज खोटा आहे म्हणूनच तर. खरा लावलात तर लोक घाबरतील, हा मरतोय की काय म्हणून. हा ऐकला की कळतं, कोणी मरणार नाही." मग सगळेच हसले, साडूसुद्धा, एकाच वेळी. दिग्दर्शकाने त्या रात्रीतून चूक धोरण म्हणून जाहीर केली. आता सायकल वळली तरी किंचाळी. हातगाडी वळली तरी किंचाळी. शेवटी इन्स्पेक्टर कचेरीच्या बोळात नुसता बुटांवर वळतो, तिथेही किंचाळी, आणि तिथे लोक रडेपर्यंत हसायचे. आवाजबाई तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसायच्या. पडद्याकडे त्यांनी तिथे कधी पाहिलंच नाही. त्या माणसांची डोकी पाहायच्या. किंचाळी आली की सगळी डोकी एकदम मागे जायची. आपल्या तळव्याच्या एका झटक्याने सातशे माना हलतात, हे सुख लग्नात मिळालं नाही, लेकीच्या जन्मात मिळालं, पण तेही वेगळं. असं कबूल करायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

"सुरू करू या?" दाढीवाल्याने विचारलं. त्याने काळी फरशी आणवली होती, पिशवीही आणली होती, नवी, निळी. काचेच्या पलीकडे तो बसणार, अलीकडे बाई. त्यांनी पिशवीत पाणी भरलं, हातात तोललं. हाताला जागा सापडल्यासारखी वाटली. पण हात आता कोणाचं ऐकत होता? लेक सहा महिने मागे लागली होती. आई, किटली शिट्टी मारून मारून थकली आणि तू तिच्याशेजारी उभी होतीस. लक्ष नव्हतं माझं. आई, फोनवर ओरडू नकोस, मी बहिरी नाही. म्हणजे कोण आहे, हे न बोलता बोलण्याची लेकीची हातोटी बाईंचीच होती. गजराचं घड्याळ बिघडलं म्हणून त्यांनी फेकून दिलं होतं, दुसरंही बिघडलं तेव्हा त्यांनी कंपनीला शिव्या घातल्या होत्या. खिडकीबाहेरचे ते बारके पक्षी या वर्षी आलेच नव्हते. आले असतील. बसले असतील समोर आणि ओरडून गेले असतील. पक्षी, गजर, किटली, एकेक करून सगळं बारीक बारीक निघून गेलं आणि बाईंनी प्रत्येक वेळी दोष वस्तूला दिला. ज्या बाईला दुसऱ्या खोलीत पडलेली टाचणी डोक्यावर पडली की टोकावर ते सांगता यायचं! लेकीला हे कळलं तर ती उद्या सामान बांधून आपल्याकडे नेईल, हे खरं. पण त्याची भीती मोठी नव्हती. मोठी भीती ही होती की आवाज करणारी बाई आवाज ऐकत नसेल तर ती कोण? शेकायची पिशवी घेऊन बसलेली एक म्हातारी.

पहिलं वळण त्यांनी हिरव्या रेघेकडे पाहून दिलं. रेघ उसळली. "छान," दाढीवाला काचेपलीकडून म्हणाला. दुसरं, तिसरं. चुकवेगिरी एकदा जमली की किती सोपी होते! चित्र त्यांना पाठ होतं, कारकुनाचा उजवा खांदा उचलला की ओढायचं. चौथं, पाचवं. "छान, बाई." तळव्याखाली फरशी थरथरत होती आणि खोलीत नि:शब्द शांतता होती, निदान त्यांच्यापुरती. अकराही वळणं वीस मिनिटांत झाली. "एकदा लावून दाखव," त्या ऐटीत म्हणाल्या. त्याने लावलं. पडद्यावर गाडी वळत गेली, कारकून चाक गरागरा फिरवत गेला, मागे सासूबाईंनी कूस बदलली. बाई पडद्याकडे बघत नव्हत्या. आयुष्यभराच्या सवयीने त्या पाहणाऱ्याच्या डोक्याकडे बघत होत्या. दाढीवाल्याचं डोकं हललं नाही. अकरा वेळा हललं नाही. विहिरीपाशी जो माणूस फिस्सकन हसला होता, तो आता ओठ मिटून, हेडफोन कानावर दाबून, सभ्यपणे ऐकत होता. "छान झालंय," तो म्हणाला. कोणाच्या घरचं जेवण बिघडलेलं असताना पाहुणे म्हणतात तसं.

म्हणजे वाईट झालं होतं. आणि तो बोलणार नव्हता, कारण बाई मोठ्या होत्या, कारण त्यानेच त्यांना शोधून आणलं होतं, कारण त्याची आई. बाईंनी आता पर्स उचलली असती तर सगळं निभावलं असतं. त्याने ते अकरा निमूटपणे चिकटवले असते, किंवा मागाहून यंत्रातले खरे टायर काढून गुपचूप बदलले असते, आणि कुठल्याशा अंधारात नवीन माणसं तो पाठलाग पाहताना दीड मिनिट गप्प बसली असती. का गप्प बसलो ते त्यांनाही कळलं नसतं. कारकून फुकट चाक फिरवत राहिला असता. साडू फुकट मांडीला मांडी लावून बसले असते.

त्यांना सासूबाई आठवल्या. पडद्यावरच्या नव्हेत, त्या नटीच. रंगभूमीवर पन्नास वर्षं काढलेली, हाताला कायम पावडरचा वास. चित्रीकरणात सगळे त्यांना विचारायचे, अहो, एवढ्या गोंधळात तुमची पापणीसुद्धा कशी हलत नाही? त्या म्हणायच्या, माझी झोप चांगली आहे. पहिल्या खेळाला त्या आवाजबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. सगळं थिएटर हसत होतं आणि सासूबाईंनी पुढच्या खुर्चीच्या लाकडी पाठीवर तळवा टेकवून ठेवला होता. मध्यंतरात त्यांनी बाईंचा दंड धरला. "विहिरीपाशी सगळ्यांत जास्त हसले ना? लाकूड केवढं हाललं! तुझा आवाज आहे म्हणे तिथे. मला नाही गं ऐकू येत. तीन वर्षं झाली, काहीच येत नाही. कोणाला बोलू नकोस, कामं जातील." समोरच्याच्या गळ्याची घाटी थांबली की आपलं वाक्य टाकायचं, असं त्यांनी तीन वर्षं निभावलं होतं, आणि कोणाला शंकाही आली नव्हती. केवढी जबरदस्त बाई! आवाजबाई कोणाला बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी एका नाटकात समोरचा नट उपरणं गळ्याभोवती घेऊन आला, घाटी दिसेना, आणि सासूबाई भलत्याच ठिकाणी भलतंच वाक्य बोलल्या. एकदा नाही, चार वेळा. लोक म्हणाले, म्हातारीला चळ लागला. नाट्यमंडळींनी हारतुरे घालून त्यांना घरी बसवलं. शहाण्यासुरत्या बाईला उरलेली नऊ वर्षं सगळे लहान मुलाशी बोलावं तसं बोलत राहिले, आणि खरं कारण ठाऊक असलेली एकटी आवाजबाई दिला शब्द पाळत गप्प राहिली. त्या शब्दाचा त्यांना कधी अभिमान वाटला नव्हता. आज तर त्यांना त्याचा रागच आला.

"बाई, चहा मागवू?" दाढीवाला दार उघडून आत आला होता. "दमला असाल. झालंच आहे तसं."

"झालेलं नाही," आवाजबाई म्हणाल्या. "बस इथे. मला ऐकू येत नाही."

"चहा म्हटलं, चहा," तो मोठ्याने म्हणाला.

"ते येतं रे! ओरडू नकोस. ही किंचाळी येत नाही. एवढीच नाही, बारीक काहीच येत नाही, पण मला आज कळलं. विहिरीपाशीसुद्धा नव्हती आली. मी खोटं बोलले."

दाढीवाला फरशीच्या कडेला उकिडवा बसला. "मग हे अकरा?"

"अंदाजपंचे मारले. तू हसला नाहीस, तेव्हा समजले. कसे आहेत?"

"तसे बरे आहेत."

"अरे, तुझ्या आईसमोर लावशील का, ते सांग."

त्याने मान हलवली. "नाही."

"का नाही? मला नीट सांग. काय कमी आहे त्यात?"

"जड आहेत, बाई. म्हणजे, गाडीला वळायचं नाहीये आणि बळेच वळवलीय, असे. तुमचे जुने असे नव्हते. ते, कसं सांगू, आगाऊ होते. थोडे आधीच यायचे. गाडी वळायच्या आधी."

आगाऊ! त्रेचाळीस वर्षांत इतका नेमका शब्द बाईंच्या किंचाळीला कोणी लावला नव्हता. कर्ण्यावर वाजवायच्या म्हणून त्या आधी येत. कारकुनाचा खांदा उचलायच्या आधी. आणि आज त्या खांदा बघून ओढत बसल्या होत्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. "पडदा बंद कर," त्या म्हणाल्या. "ती हिरवी रेघही. आणि तू काचेमागे जाऊ नकोस, इथेच बस, माझ्यासमोर, मला तोंड दिसेल असा. मी ओढते, तू सांग. लाजायचं नाही."

मग दुपारभर ते तसे बसले. बाईंनी पाणी कमी केलं, फडका कोरडा केला, बांगड्या काढून ठेवल्या. त्या ओढत आणि दाढीवाला सांगे. हा रडका. हा घाईत आलाय. हा चांगला होता पण शेवटी दबला. हा साहेबांच्या सायकलला चालेल. सांगता सांगता त्याची भीड चेपली, एकदा तर तो "शी!" म्हणाला, आणि बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. चौथ्या वळणाला तो हसला. आठव्याला त्याने डोकं मागे टाकलं. राहिलं शेवटचं अकरावं, नदीकाठचं, दोन चाकांवरचं. त्याच्यासाठी बाईंनी पंधरा वेळा पिशवी ओढली, खांदा भरून आला, तळवा लाल झाला. सोळाव्या वेळी दाढीवाला एकदम ताठ बसला.

"बाई, हा आला! हुबेहूब! अगदी खऱ्या गाडीसारखा!"

"मग पुसून टाक," आवाजबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा फरशीवर हात टेकला.